फोकस बिघडवा, म्हणजे दिसेल!

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. माझी रूममेट बायोटेकची. दुसऱ्या दिवशी तिचा सेमिनार होता आणि रात्री एक वाजता तिच्या रिहर्सलची मी एकमेव प्रेक्षक होते. चौथ्या-पाचव्या स्लाइडवर एक करडा, रवाळ फोटो आला. त्यात अधूनमधून काळपट ठिपके. बाकी काही नाही.

मी म्हटलं, "अगं, हा फोटो आउट ऑफ फोकस आहे. दुसरा नाही का मिळाला?"

ती म्हणाली, "मुद्दामच आउट ऑफ फोकस काढलाय. नीट फोकस केला असता तर हे ठिपकेसुद्धा दिसले नसते."

मी हसले. ती हसली नाही. "का, ते मात्र मला धड सांगता येत नाही," ती म्हणाली. "त्यात सगळं साइन-बिन आणि ट्रान्सफर फंक्शन आहे. तुझंच खातं. तूच शोध."

मी शोधलं. आणि मित्रांनो, ज्या सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या पेपरला आपण सगळ्यांनी एकमुखाने शिव्या घातल्या, तोच विषय तिथे एका प्रोटीनच्या फोटोत लपून बसलेला सापडला. म्हणून हा लेखप्रपंच.

पारदर्शक वस्तूचा फोटो कसा काढायचा?

आधी एक प्रयोग. एखाद्या रविवारी भर दुपारी बादली भरून गच्चीवर घेऊन जा. पाणी बोटाने हलकं हलवा आणि तळाकडे बघा. उजळ रेषांचं एक जाळं तिथे नाचताना दिसेल. आता एक पांढरी प्लास्टिकची ताटली पाण्यात अगदी पृष्ठभागाखाली धरा. जाळं गायब! ताटली हळूहळू खाली न्या, की जाळं पुन्हा उमटू लागतं.

पाणी तर पारदर्शक आहे. लाटेने प्रकाश शोषला नाही, अडवला नाही. तिने फक्त त्याला किंचित वळवलं. त्या वळण्याचा परिणाम दिसायला प्रकाशाला थोडं अंतर पुढे जावं लागतं. म्हणजे खुद्द पृष्ठभागावर फोकस कराल तर काहीच दिसणार नाही, फोकस पृष्ठभागापासून थोडा हलवाल तर लाटा दिसतील. माझ्या रूममेटच्या फोटोचं अर्धं उत्तर या बादलीतच आहे.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली प्रोटीनची अवस्था या पाण्यासारखीच असते. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन, सगळे हलके अणू. त्यात हे प्रोटीन बर्फाच्या अतिपातळ थरात अडकवलेलं, आणि बर्फही हलक्याच अणूंचा. इलेक्ट्रॉन या सगळ्यातून जवळजवळ न अडता आरपार जातात. सावली पडतच नाही म्हणा ना. बदलते ती फक्त इलेक्ट्रॉनच्या लाटेची फेज.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये फेज म्हणजे फेज. मराठीत तिला 'कला' म्हणतात हे मला हा लेख लिहिताना कळलं, आणि शब्द एकदम आवडला. चंद्राच्या कला असतात तशीच लाटेची कला: लाट आपल्या फेऱ्यात कुठवर आली आहे ते सांगणारी. अणूजवळून जाताना इलेक्ट्रॉनचा वेग किंचित वाढतो, त्याची तरंगलांबी किंचित घटते, आणि बाहेर पडताना त्याची कला शेजारच्या इलेक्ट्रॉनपेक्षा जराशी सरकलेली असते. प्रोटीनची सगळी माहिती या जराशा सरकण्यात आहे. पण कॅमेरा किंवा फिल्म कला मोजत नाही, फक्त तीव्रता मोजते. पंचाईत आहे ती इथे.

एक टक्का की एकोणीस टक्के?

पंचाईत आकड्यांत बघू. सरळ आरपार गेलेली लाट १ धरा. प्रोटीनमुळे विखुरलेली लाट समजा ०.१ आहे. अशा पारदर्शक वस्तूत विखुरलेली लाट मूळ लाटेशी ९० अंशांचा कोन करते. दोन्हींची बेरीज पायथागोरसने: तीव्रता १ अधिक ०.०१, म्हणजे १.०१. फरक फक्त एक टक्का!

आता काही युक्तीने विखुरलेली लाट आणखी ९० अंश फिरवता आली, तर ती मूळ लाटेच्या बरोबर विरुद्ध येईल. मग बेरीज १ वजा ०.१, तिचा वर्ग ०.८१. फरक एकोणीस टक्के. वस्तू तीच, इलेक्ट्रॉन तेवढेच, तरी उठाव एकोणीस पट!

ज्यांचा कम्युनिकेशनचा पेपर झालाय (आणि ज्यांची त्यात केटी आहे) त्यांच्या हे लगेच लक्षात येईल. अँप्लिट्यूड मॉड्युलेशन आणि नॅरोबँड फेज मॉड्युलेशन, दोन्हींत कॅरियर आणि त्याच्या दोन बाजूंना साइडबँड्स. फरक फक्त ९० अंशांचा. फेज मॉड्युलेशनच्या सिग्नलला साधा एन्व्हलप डिटेक्टर लावलात तर हाती भोपळा. आता सरळ गेलेली लाट म्हणजे कॅरियर, विखुरलेली लाट म्हणजे साइडबँड्स, आणि कॅमेरा म्हणजे एन्व्हलप डिटेक्टर. झालं!

साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपमध्ये हे ९० अंश फिरवण्याचं काम डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झर्निके यांनी १९३० च्या दशकात काचेच्या एका चकतीने केलं. फेज प्लेट म्हणतात तिला. तिच्यामुळे जिवंत पेशी रंग न देता दिसू लागल्या आणि १९५३ साली झर्निकेंना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

इलेक्ट्रॉनच्या वाटेत मात्र अशी चकती ठेवणं महाकठीण. काच चालत नाही. कार्बनचा पातळ पडदा ठेवला तर तो स्वतःच इलेक्ट्रॉन विखुरतो आणि माऱ्याने त्याचे गुणधर्म बदलत जातात. मग जीवशास्त्रज्ञ बरीच वर्षं दुसऱ्या वाटेने गेले. प्रोटीनभोवती युरेनियमसारख्या जड धातूचा क्षार वाळवायचा, म्हणजे काळ्या डबक्यात प्रोटीनची पांढरी आकृती दिसते. १९५९ मध्ये ब्रेनर आणि हॉर्न यांनी ही निगेटिव्ह स्टेनिंगची पद्धत सर्वांच्या हाती दिली. उठाव मिळाला, पण दिसतो तो क्षाराचा साचा. आतलं प्रोटीन नाही.

तिसरा मार्ग बादलीतला. फोकस हलवायचा.

फोकस हलवल्याने नेमकं काय होतं?

भिंगाचा करंट किंचित कमी केला की फोकस सरकतो. याला अंडरफोकस किंवा नुसतंच डिफोकस म्हणतात. किती सरकवायचा? साधारण अर्धा ते तीन मायक्रोमीटर. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो.

सरळ जाणाऱ्या लाटेला याने फरक पडत नाही. पण तिरप्या जाणाऱ्या विखुरलेल्या लाटेचा रस्ता बदलतो आणि तिची कला आणखी फिरते. किती फिरते, ते दोन गोष्टींवर ठरतं: डिफोकस किती आणि लाट किती तिरपी. आणि मेख इथेच आहे. मोठा आकार लाटेला लहान कोनात फेकतो, बारीक तपशील मोठ्या कोनात फेकतो. म्हणजे प्रत्येक आकाराच्या तपशिलाची कला वेगवेगळी फिरणार!

फेज प्लेट सगळ्यांना सरसकट ९० अंश फिरवते. डिफोकस मात्र कोणाला ५ अंश फिरवतो, कोणाला ९०, कोणाला १८०, कोणाला २७०. ज्याला जादा ९० मिळाले तो तपशील ठळक काळा दिसतो. १८० मिळाले तो पुन्हा अदृश्य. २७० मिळाले तो दिसतो, पण उलटा: काळ्याच्या जागी पांढरा, पांढऱ्याच्या जागी काळा. एकाच फोटोत, एकाच वेळी, हे सगळं.

कोणत्या आकाराचा तपशील किती आणि कोणत्या चिन्हाने फोटोत पोचतो, हे सांगणाऱ्या वक्राला कॉन्ट्रास्ट ट्रान्सफर फंक्शन म्हणतात, लाडाने सीटीएफ. मुळात ते एक साइन फंक्शन. सुरुवातीला संथ, पुढे बारीक तपशिलाकडे जावं तसं जोरजोरात वरखाली होणारं. प्रत्येक वेळी ते शून्यातून जातं तेव्हा त्या आकाराची माहिती फोटोतून गुल होते.

एक उदाहरण मी वहीत स्वतः करून पाहिलं. ३०० किलोव्होल्टच्या मायक्रोस्कोपमध्ये इलेक्ट्रॉनची तरंगलांबी साधारण १.९७ पिकोमीटर. तरंगलांबी गुणिले डिफोकस, त्याचं वर्गमूळ काढलं की ज्या आकाराला पहिलं शून्य येतं तो आकार मिळतो. (भिंगाच्या गोलीय दोषाचा हिशेबही धरायचा असतो, पण या आकारापर्यंत तो नगण्य आहे.) १ मायक्रोमीटर डिफोकसला उत्तर येतं १.४ नॅनोमीटर. २ मायक्रोमीटरला जवळजवळ २ नॅनोमीटर.

आता समजा तुम्हाला प्रोटीनमधल्या शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन अल्फा हेलिक्स बघायच्या आहेत. त्यांच्यातलं अंतर सुमारे १ नॅनोमीटर. डिफोकस पाव मायक्रोमीटर ठेवलात, तर हे अंतर पूर्ण ताकदीने आणि सरळ दिसेल. अर्धा ठेवलात, तर गायब. पाऊण ठेवलात, तर पूर्ण ताकदीने पण उलटं. एक ठेवलात, तर पुन्हा गायब. सव्वा ठेवलात, तर पुन्हा सरळ! अर्ध्या मायक्रोमीटरने नॉब हलला आणि खांबाच्या जागी खड्डा दिसू लागला. प्रोटीन बिचारं जिथल्या तिथे आहे.

मग डिफोकस कायम पाव मायक्रोमीटरच का नाही ठेवायचा? कारण मोठ्या आकारांचं काय? १० नॅनोमीटरच्या आकाराचा फेज कॉन्ट्रास्ट १ मायक्रोमीटरला फक्त ६ टक्के पोचतो, २ मायक्रोमीटरला १२ टक्के. पाव मायक्रोमीटरला दीड टक्का. म्हणजे बारीक तपशील छान, पण मुळात प्रोटीन फोटोत कुठे आहे तेच सापडणार नाही. बरं, इलेक्ट्रॉनचा मारा वाढवून फोटो उजळ करावा, तर प्रोटीन जळतं. एका चौरस अँगस्ट्रॉममागे तीस ते साठ इलेक्ट्रॉन, एवढीच उधारी. म्हणून फोटो असा रवाळ. डिफोकस वाढवावा तर बारीक तपशील पुसट होतो, कमी करावा तर प्रोटीन हरवतं. शुद्ध इंजिनिअरिंग ट्रेड-ऑफ!

यंत्र स्वतःच आपली लबाडी सांगतं

आता खरा प्रश्न. फोटो जर असा अर्धा खरा, अर्धा उलटा आणि मध्ये मध्ये कोरा असेल, तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? कोणी त्यात एखादी गोलाकार रचना 'शोधली', तर ती पेशीत होती की फोकसच्या नॉबमध्ये?

ही भीती उगाच नाही. साध्या कार्बनच्या पडद्याचा फोटो घ्या. त्यात कोणतीही ठरावीक रचना नसते. तरी डिफोकस केला की त्यात एकसारखे दाणे दिसू लागतात, आणि डिफोकस वाढवला की दाणे मोठे होतात! त्याच पडद्याला भोक असेल तर अंडरफोकसमध्ये भोकाच्या काठाला उजळ किनार येते आणि ओव्हरफोकसमध्ये काळी. अशी किनार एखाद्या पेशीच्या आवरणाशेजारी आली आणि बघणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो खुशाल एक जादा थर मोजून मोकळा होईल.

सुटका झाली ती त्याच कार्बनच्या पडद्यामुळे. १९६६ साली जर्मनीत फ्रीडरिश थोन यांनी अशा फोटोंचं फूरिये रूपांतर तपासलं. त्या काळी फिल्ममधून प्रकाशाचा झोत पाठवून ते पडद्यावर उमटवत असत, आज कॉम्प्युटर क्षणात करतो. रूपांतरात दिसली एकात एक वर्तुळं, शांत पाण्यात खडा टाकल्यासारखी. उजळ वर्तुळ म्हणजे जिथे माहिती पोचते, काळं वर्तुळ म्हणजे सीटीएफचं शून्य. कार्बनमध्ये सगळ्याच आकारांचे तपशील थोडे थोडे असतात, व्हाइट नॉइजसारखे. व्हाइट नॉइज आत सोडला की आउटपुटमध्ये सिस्टिमचा ट्रान्सफर फंक्शन छापून येतो, हे आपण लॅबमध्ये केलेलं आहेच (किंवा निदान जर्नलमध्ये उतरवलेलं आहे).

या थोन वर्तुळांवरून डिफोकस नेमका मोजता येतो. शिवाय वर्तुळं लंबगोल असतील तर भिंगात अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे. एका दिशेला पुसली गेली असतील तर फोटो काढताना नमुना सरकला आहे. फोटो स्वतःच्या प्रत्येक लबाडीचा कबुलीजबाब बरोबर घेऊन येतो, फक्त तो वाचता आला पाहिजे.

१९७१ साली हॅरॉल्ड एरिक्सन आणि अ‍ॅरन क्लूग यांनी हा कबुलीजबाब कामाला लावला. कॅटलेज या प्रोटीनच्या पातळ क्रिस्टल्सचे त्यांनी वेगवेगळ्या डिफोकसला फोटो घेतले. प्रत्येक फोटो वेगळा दिसत होता. मग प्रत्येकातला सीटीएफचा परिणाम त्यांनी फूरिये गणिताने काढून टाकला. वेगवेगळे दिसणारे फोटो एकमेकांशी जुळू लागले. फोकस बदलला की बदलते ती फोटोची भाषा, वस्तू नव्हे, हे आकड्यांनी दिसलं. क्लूग यांना १९८२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच्या याच प्रकारच्या कामासाठी.

झेरॉक्सचा सिद्धांत

दुरुस्ती कशी करतात? उलटं दिसणाऱ्या पट्ट्यांचं उत्तर सोपं: फूरिये रूपांतरात तेवढ्या पट्ट्यांना वजा एकने गुणायचं. पण शून्यांचं काय? जी माहिती पोचलीच नाही ती कुठल्याही गणिताने परत येत नाही. शून्याला कशानेही गुणा, शून्यच.

इथे परीक्षेच्या आदल्या रात्रीचं हॉस्टेल आठवा. नोट्सची एकच वही, तिच्या झेरॉक्सच्या दहा प्रती. प्रत्येक झेरॉक्समध्ये कुठली ना कुठली ओळ कोरी आलेली. तुमच्या प्रतीत तिसरी ओळ नाही, शेजारच्या खोलीतल्या प्रतीत सातवी नाही. दहा जणी एकत्र बसल्या की संपूर्ण वही तयार! म्हणूनच एकाच डिफोकसला हजारो फोटो काढत नाहीत. मुद्दाम थोडा थोडा बदलत काढतात, म्हणजे एकाचं शून्य दुसऱ्याने भरून निघतं. प्रत्येक फोटोचा डिफोकस सॉफ्टवेअर त्याच्या थोन वर्तुळांवरून मोजतं, आणि लाखो प्रोटीनच्या प्रतिमांची सरासरी काढताना प्रत्येकीच्या सीटीएफचा हिशेब धरतं. ज्या पट्ट्यात जिची माहिती ठळक, त्या पट्ट्यात तिच्या शब्दाला वजन जास्त.

या वाटेने किती मजल मारली ते बघा. १९७५ साली रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी एका मीठप्रेमी सूक्ष्मजीवाच्या जांभळ्या आवरणातलं प्रोटीन कोणताही रंग न देता पाहिलं. ग्लुकोजमध्ये जपलेला नमुना, अत्यंत कमी मारा, डिफोकस केलेले फोटो. त्यात सात अल्फा हेलिक्स शेजारी-शेजारी उभ्या सापडल्या. १९८० च्या दशकात जाक द्युबोशे यांच्या गटाने पाणी इतक्या झटक्यात गोठवून दाखवलं की त्याचे स्फटिकच होत नाहीत. काचेसारखा बर्फ, आणि त्यात जसेच्या तसे विषाणू. जोआखिम फ्रँक यांनी विखुरलेल्या सुट्या प्रतिमा गणिताने जुळवण्याच्या पद्धती दिल्या. २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल द्युबोशे, फ्रँक आणि हेंडरसन या तिघांना मिळालं.

२०२० च्या जानेवारीत कोरोना विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली आणि फेब्रुवारीतच अमेरिकेतल्या टेक्सासच्या गटाने त्याच्या काटेरी स्पाइक प्रोटीनची रचना ३.५ अँगस्ट्रॉमपर्यंत मांडली. लस बनवणाऱ्यांना विषाणूचा कोणता भाग कसा दिसतो ते कळलं, ते असेच मुद्दाम बिघडवलेले फोटो सुधारून. त्याच वर्षी अ‍ॅपोफेरिटिन या प्रोटीनचे सुटे अणू ओळखू येतील इतकी, १.२ अँगस्ट्रॉमच्या आसपासची रचना केंब्रिज आणि गटिंगेनच्या गटांनी दाखवली.

फेज प्लेटचा नाद मात्र कोणी सोडलेला नाही. २०१४ साली कार्बनच्या पडद्याची नवी व्होल्टा फेज प्लेट आली. २०१९ मध्ये बर्कलीच्या गटाने इलेक्ट्रॉनच्या वाटेत पडद्याऐवजी चक्क लेसरचा झोत ठेवून कला फिरवून दाखवली. तरी रोजच्या कामात अजून भिस्त आहे ती साध्या डिफोकसवरच.

जाता जाता

हे सगळं रूममेटला समजावलं तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते. तिने स्लाइडमध्ये एकच बदल केला. फोटोखाली डिफोकसचा आकडा लिहिला आणि शेजारी त्याच फोटोची थोन वर्तुळं लावली. दुसऱ्या दिवशी सेमिनारला एका सरांनी विचारलंच, "फोटो एवढा धूसर का?" तिने आधी बादलीची गोष्ट सांगितली, मग आकडा दाखवला.

मला स्वतःला या सगळ्यातून एक गोष्ट लागली. आपल्याला वाटतं, फोटो स्वच्छ म्हणजे खरा आणि धूसर म्हणजे खोटा. इथे तर स्वच्छ फोकसचा फोटो कोराच निघतो. बिघाड सगळीकडेच असतो, आपल्या लॅबमधल्या मल्टिमीटरमध्येही असतो. तो किती आहे हे मोजून आकडा शेजारी लिहिला, तर त्याच बिघाडातून अणू दिसतात. लिहिला नाही, तर कार्बनच्या पडद्यातही नवीन शोध लागतात.

तेव्हा यापुढे पेपरात किंवा पुस्तकात विषाणूचा सुंदर, रंगीत फोटो दिसला तर जरूर कौतुक करा. पण मनातल्या मनात विचारा, "आणि डिफोकस किती?"

आणि हो, बादली परत जागेवर ठेवायला विसरू नका.